माळ्यावरचे रिकामे खोके

रविवार, ९ फेब्रुवारी

आज भर दुकानात मान खाली घालायची वेळ आली. एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली होती, बरोबर होणारी विहीण. असल्या जोडीला काही विकणं म्हणजे दोन वकिलांच्या मधे उभं राहणं. पुष्कळ घासाघीस झाल्यावर सोनेरी काठाचे कॉफीचे कप पसंत पडले. दुकानातला गडी बयूमी याने माळ्यावरून खोका आणला, मी दोरी बांधायला घेतली, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "उघडून दाखवा. थोरल्याच्या लग्नात एका कपाला कानच नव्हता."

उघडला. आत वर्तमानपत्रांचे बोळे, आणि वजन बरोबर लागावं म्हणून मधे फरशीचा तुकडा.

"कागदाचे कप," विहीणबाई म्हणाल्या. "धुवायची कटकट नाही."

बयूमीने दुसरा खोका आणला. त्यातही तेच. तिसऱ्यात कप होते, पण तोवर दोघी पायऱ्या उतरल्या होत्या. आमच्या शुब्रा वस्तीत बातमीला पाय लागत नाहीत. संध्याकाळी उसाचा रस विकणारासुद्धा मला विचारून गेला, "हाजी, कागद काय भाव?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोन दिवस बयूमी माळ्यावरून खोके खाली देतोय आणि मी उघडतोय. माझ्या गुडघ्याला शिडी चालत नाही. कप, चमच्यांचे संच, चहाचे पेले, जे हातातल्या पिशवीत मावेल तेवढंच गेलंय. मोठी पातेली जागच्या जागी. फरशीचे तुकडे आमचेच, दुकानाची जमीन बदलली तेव्हाचे, वर कोपऱ्यात पडलेले. कोणीतरी सावकाश, न घाबरता, महिनोन्महिने हे काम केलंय. बाहेरचा चोर खोक्यासकट उचलतो. कागद भरत बसायला त्याला वेळ कुठला?

"कुलूप शाबूत आहे, हाजी," बयूमी म्हणाला.

"मलाही दिसतंय."

"म्हणजे आतलं कोणीतरी."

"आत आपण दोघंच आहोत, बयूमी."

तो शिडीवरच थांबला. मग म्हणाला, "हो. आपण दोघंच."

माझी बायको होती तेव्हापासून हा माणूस माझ्याकडे आहे. असला विचार मनात आणायचीही लाज वाटते, पण आला, म्हणून लिहितो.

इन्शिराह दुपारी नेहमीसारखी जेवण घेऊन आली. कोबीच्या पानांत भात भरून केलेली महशी. माझी धाकटी बहीण म्हणून म्हणत नाही, पण ती आली की दुकानाला घरपण येतं. मला वाढलं, बयूमीला वाढलं, मग नमाजाला माळ्यावर गेली. खाली गिऱ्हाइकांची ये-जा, बाईमाणसाने पढायचं कुठे? मी म्हटलं, आज वर पसारा आहे. म्हणाली, "असू दे, मी कोपरा शोधते." खाली आल्यावर तिला सगळं सांगितलं. चेहराच उतरला तिचा.

"पोलिसांत जाऊ नकोस, दादा. कोणाचं तरी घर बसेल."

स्वभावच तसा आहे तिचा. निघताना म्हणाली, नवऱ्याने, लुत्फीने, कुवेतहून याही महिन्यात पैसे पाठवले. मी विचारलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं, रिहाबचं, लग्न ईदनंतर आहे, खर्च दारात उभा आहे, तेव्हा बरं वाटलं ऐकून. इतकी वर्षं घरी फिरकला नाही, तरी बापाची जबाबदारी विसरला नाही, हे मानायला हवं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुलाखालच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. लुटलेला प्रत्येक दुकानदार कधी ना कधी तिथे जातो, तसा. एकेक बूट, कवळ्या, कबुतरं, दारं, दारांच्या कड्या, कोणाच्या तरी लग्नाचा फोटो चौकटीसकट. धूळ इतकी की सगळा माल एकाच रंगाचा दिसतो. तिथे दोन तऱ्हेची माणसं हिंडतात, स्वस्त वस्तू शोधणारी आणि आपली वस्तू शोधणारी. दुसरी लगेच ओळखू येतात, ती भाव विचारत नाहीत.

माझे कप उम्म हाशिम नावाच्या एका बाईच्या चटईवर होते. खोक्याशिवाय, पुसून रांगेत मांडलेले.

"हे कुठून आणलेस?"

"चीनमधून. स्वतः बोटीने गेले होते."

"माझ्या दुकानातले आहेत."

"मग ओळखीतले झाले. थोडे जास्त द्या."

मी चिडलो नाही. चिडायला ताकद लागते. कप घेतले, चमच्यांचे दोन संच घेतले. स्वतःचाच माल दुसऱ्यांदा विकत घेताना घासाघीसही मीच केली. गिनीच्या नोटा हातात पडल्यावर तिने मला तिच्या डब्यावर बसवलं, पाणी दिलं.

"आणून कोण देतं?"

"हा प्रश्न विचारणाऱ्याला इथे पुढच्या शुक्रवारी कोणी पाणी देत नाही, बाबा."

"नाव नको सांगूस."

"नाव मलाच कुठे माहीत. बाई आहे. चांगल्या घरची. कपाला तडा असला तर स्वतःहून दाखवते. असं कोणी करतं का या धंद्यात? भाव करता येत नाही बिचारीला, म्हणून मीच मेली वर थोडे टाकते. म्हणाली, मुलीचं लग्न पार पडलं की यायची नाही."

सगळा रस्ता मी हेच घोळवत आलो. बयूमीच्या धाकट्या मुलीचं ठरलंय, हे गल्लीत कोणाला माहीत नाही? त्याची बायको, नगात नावाची, चांगली बाई आहे, कोणीही चांगल्या घरचीच म्हणेल. नवरा माळ्यावरून उतरवत असेल, बायको नेऊन विकत असेल. जिवावर आलं, पण हिशेब जुळतो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बयूमीला सांगितलं. कप समोर ठेवले.

"माझ्या बायकोला तुम्ही तिथे बघितलंत?"

"बघितलं नाही."

"मग?"

"बाई आहे. मुलीचं लग्न आहे. माळ्यावर तू जातोस. मी आणखी काय समजू?"

त्याने कप एकेक करून बाजूला ठेवले. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, "मुअल्लिम रुश्दींच्या बैठकीत सांगा. चार माणसांसमोर बोला. मग ते म्हणतील तसं."

मी मान्य केलं. आमच्या रस्त्यावर पोलीस चौकी आहे ती फक्त पत्ता सांगायला उपयोगी पडते. भांडण मिटतं ते, मुअल्लिम म्हणून सगळे ज्यांना पंच मानतात, त्या रुश्दींच्या मसाल्याच्या वखारीतच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बैठक झाली. चहावाल्याकडून खुर्च्या आणल्या होत्या, रस्त्यावरचे सगळे मोठे दुकानदार होते. जिऱ्याच्या पोत्यांमुळे अर्धी मंडळी शिंकत होती. मी सांगितलं, बयूमीने ऐकलं. मुअल्लिम रुश्दी तुसडा माणूस आहे, पण पक्षपात करत नाही.

"माळ्यावर जातं कोण?"

"बयूमी," मी म्हटलं.

"आणखी?"

"आणखी कोणी नाही. माझा गुडघा हा असा."

बयूमीने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मलाच नजर काढून घ्यावी लागली. वाटलं, आता कबूल करेल.

"हाजी म्हणतात ते बरोबर?" रुश्दींनी त्याला विचारलं.

"हाजी म्हणतात ते बरोबर."

"बयूमी, शेवटचं विचारतो. आणखी कोणाला चढताना पाहिलं असशील तर नाव सांग. त्याला आत्ता इथे आणून बसवतो."

"इथे आणून बसवता येईल असं कोणी नाही, मुअल्लिम."

मागून कोणीतरी हसलं. लोकांना ते उद्धट वाटलं, मलाही वाटलं. निवाडा झाला. बयूमीने दुकान सोडायचं, मी पोलिसांत जायचं नाही, वखारीतला शब्द वखारीबाहेर जायचा नाही. शेवटचं कलम प्रत्येक निवाड्यात असतं आणि ते कोणी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही.

जाताना त्याने दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या नाहीत. रुश्दींच्या हातात दिल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

कुठलं पातेलं कुठे आहे हे मला माझ्याच दुकानात विचारावं लागतंय, आणि विचारायला कोणी नाही. नशीब, इन्शिराह आहे. गिऱ्हाइकाने वरचं काही मागितलं की ती चटकन चढते आणि पहिल्या झटक्यात काढून देते. तिला माळा माझ्यापेक्षा जास्त माहीत झालाय.

बयूमीचं ऐकून मात्र तिने ताट बाजूला सारलं. रडली. "त्याला परत बोलाव, दादा. माझ्यासाठी बोलाव." मी म्हटलं, निवाडा झालाय, आता बोलावणं म्हणजे रुश्दींचा अपमान. शिवाय चोर तो चोरच. ती उठून भांडी घासायला लागली. भांडी स्वच्छच होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बयूमीच्या धाकटीचं लग्न मोडलं. मुलाच्या बापाने साखरपुड्याची अंगठी परत मागवली. कारण सांगितलं नाही, विचारणारही कोण? न्हावी म्हणत होता, मुलगी घराबाहेर पडत नाही. बयूमी दिवसभर बस थांब्याजवळच्या चहावाल्याकडे एकच पेला समोर ठेवून बसतो. कोणी काम देत नाही.

मी निवाड्याप्रमाणे वागलोय. हे वाक्य आज मनात बऱ्याचदा म्हणून झालं.

मंगळवार, ४ मार्च

चहाच्या पेल्यांचा नवा माल आला. या खेपेला सावध होतो. हमालाला प्रत्येक खोका माझ्यासमोर उघडायला लावला, पेले बघितले, बंद केला, मगच वर चढवायला दिला. "हाजी, लग्न लावताय की माल घेताय?" असं म्हणाला. म्हणू दे. आता माळ्यावर मोजका आणि खात्रीचा माल आहे, जाणारा गेला आहे, आता शांत झोप लागायला हवी.

शनिवार, ८ मार्च

सकाळी एक गिऱ्हाईक पेल्यांसाठी आलं. इन्शिराह यायला वेळ होता, म्हणून मीच शिडी चढलो. एकेका पायरीवर थांबत. वरचा पहिलाच खोका उचलला तर आतून खडखड झाली. पेल्यांची नव्हे.

फरशीचा तुकडा होता. भोवतीचं वर्तमानपत्र परवाचं होतं. त्यातलं शब्दकोडं माझ्या अक्षरात अर्धं सोडवलेलं होतं. बयूमी गेल्याला तीन आठवडे होत आले.

कोपऱ्यात तिचं नमाजाचं आसन अंथरलेलं होतं. त्याच्यावर बसून राहिलो. खालून गिऱ्हाईक हाका मारत होतं, "हाजी, वर आहात ना?" मग ते गेलं.

दुपारी ती आली. मुलुखियाची पातळ भाजी होती. मी जेवलो.

रविवार, ९ मार्च

आज काही लिहायचं नाही.

सोमवार, १० मार्च

कुवेतला फोन लावला. एका बाईने उचलला, मागे तान्हं मूल रडत होतं.

"लुत्फी आहे?"

"झोपलेत. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"मग या वेळी फोन करू नका, बाळ उठतं."

आवाज तरुण होता, वाईट नव्हता. म्हणजे पैसे येत नाहीत. किती दिवसांपासून, देव जाणे. दर महिन्याला ती मला सांगत होती, आले म्हणून, आणि मी दर महिन्याला लुत्फीचं कौतुक करत होतो. नवऱ्याने टाकलं हे तोंडाने सांगण्यापेक्षा तिला पुलाखाली त्या धुळीत जाऊन उभं राहणं सोपं वाटलं. माझ्याकडे मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? दिलं असतं. पण "का" हे विचारलं असतं, आणि तिथेच सगळं आलं.

रुश्दींनी विचारलं होतं, आणखी कोण जातं? मी म्हटलं, कोणी नाही. खोटं बोललो नव्हतो. ती माझ्या डोक्यात आलीच नाही. बयूमीच्या डोक्यात मात्र पहिल्या दिवसापासून होती. पण परक्याच्या घरच्या बाईचं नाव पुरुषांच्या बैठकीत घेणारा तो माणूस नव्हे. मला वाटलं होतं, शरमेने गप्प आहे.

बुधवार, १२ मार्च

तिचं नाव घेतलं तर रिहाबची अंगठीही परत जाईल. नाही घेतलं तर बयूमीची मुलगी घरात बसून राहील. एकीची भाची म्हणून किंमत जास्त आणि दुसरीची कमी, असं स्वतःला समजावून बघितलं. एक दिवस पुरलं नाही.

तिच्याशी बोलायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "मीठ कमी आहे का?" दुसऱ्यांदा मीच म्हटलं, मीठ कमी आहे.

शुक्रवार, १४ मार्च

मी मुअल्लिम रुश्दींना बैठक पुन्हा बोलवायला लावली. तीच माणसं, तीच जागा. बयूमी येत नव्हता, त्याला निरोपावर निरोप पाठवावे लागले. आला तो दाराशीच उभा राहिला.

मी सांगितलं, "चोरी झालीच नव्हती. माल मीच देऊन टाकला होता. विसरलो."

"कोणाला दिलात?" रुश्दींनी विचारलं.

"गरजवंतांना. नावं आठवत नाहीत."

"आणि कागद कोणी भरले?"

"मीच भरले असणार. खोके चेपू नयेत म्हणून."

"माळ्यावर चढलात? या गुडघ्याने?"

"चढलो असेन."

"आणि ते कप पुलाखाली कसे पोचले?"

"ज्यांना दिले त्यांनी विकले असतील. पोटापुढे कपांना काय करायचंय?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, अल्लाह म्हातारपणी डोकं शाबूत ठेवो. दोघातिघांनी आमीन म्हटलं. रुश्दींनी माझ्याकडे वाकून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "हाजी, नीट विचार केलाय? उद्यापासून या रस्त्यावर तुम्हाला कोणी उधारीवर मालही देणार नाही. सुटे परत केलेत तरी लोक दोनदा मोजतील."

"मोजू द्या."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि निवाडा दिला. ज्यांच्यासमोर नाव घालवलं त्या सगळ्यांना घेऊन मी बयूमीच्या घरी जायचं, दिवसाउजेडी, आणि त्याच्या दारात त्याच्या मस्तकाचं चुंबन घ्यायचं. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यालाही बोलवायचं.

शनिवार, १५ मार्च

गेलो. बयूमीच्या गल्लीतल्या सगळ्या गच्च्या बायकांनी भरल्या होत्या. मी त्याचं डोकं धरलं, मस्तकाचं चुंबन घेतलं, मोठ्याने म्हटलं, "तू स्वच्छ आहेस, चूक माझी." मुलाचा बाप हजर होता. तो म्हणाला, आम्हाला आधीपासूनच खात्री होती. अशी माणसं पाहिली की दमायला होतं. पण अंगठी खिशात घेऊन आला होता, तेवढं महत्त्वाचं. नगातने सरबत आणलं. माझा पेला तिने दुसऱ्याच्या हाती पाठवला.

बयूमी मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला.

"तुम्हाला सगळं आठवतं, हाजी."

"तूही बैठकीत बोलला नाहीस."

"काय बोलणार? इतकी वर्षं तिच्या हातचं जेवलोय." थोडं चालून म्हणाला, "सोमवारी येतो. पण दुपारी नमाजाच्या वेळेला मी चहाला बाहेर जात जाईन. मला पुन्हा साक्षीदार व्हायचं नाही."

"जात जा."

बुधवार, २६ मार्च

रुश्दी म्हणाले होते तसंच चाललंय. घाऊक व्यापारी रोख मागतो. गिऱ्हाईक भाव मला न विचारता बयूमीला विचारतं. शेजारचा औषधवाला दुकान बंद करताना मला आठवण करतो, "हाजी, दिवा मालवलात ना?" चांगल्या मनाने करतो. त्यामुळे आणखीच थकायला होतं.

इन्शिराहने बैठकीतलं सगळं ऐकलंय, सगळ्या शुब्राने ऐकलंय. मला काही विचारलं नाही. अक्रोड आणते, स्मरणशक्तीला चांगले म्हणून, आणि मी चावेपर्यंत समोर बसते. गिऱ्हाइकांना हळू आवाजात सांगते, "सांभाळून घ्या, हल्ली विसरतो." तिला खरंच तसं वाटतं, की वाटून घेतलंय, हे मला तिच्या डोळ्यांत बघूनही कळत नाही. पूर्वी कळलं असतं असं वाटायचं. तेही खरं नसेल.

आज ती निघायच्या आत काहीतरी सरळ करावं असं मनात आलं. चमच्यांचा चांगल्यातला संच फळीवरून काढला, उघडला, चमचे आत आहेत ते तिला दिसू दिले, आणि तिच्या पिशवीत ठेवायला लागलो.

"रिहाबला. माझ्याकडून. आणखी काय लागेल ते घेऊन जा, विचारू नकोस."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बयूमी पातेली पुसत होता, त्याचा हात थांबला. इन्शिराहने माझं मनगट धरलं. तिने खोका पिशवीतून काढला, झाकण नीट बसवलं आणि माझ्या हातात परत दिला.

"परवाच दिलास की, दादा," ती म्हणाली. "विसरलास?"

गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"असेल," मी म्हटलं, आणि संच फळीवर ठेवला.

मग ती रिकामी पिशवी घेऊन नमाजाला माळ्यावर गेली. बयूमीने फडकं खांद्यावर टाकलं आणि तो चहाला बाहेर पडला.